दोन वाट्या

मुलांनो, तुमची आजी तलासरीकडे पोलीस अधिकारी होती, तेव्हाची एक घटना अजून मनातून जात नाही. नावे लिहीत नाही.

एका दुपारी चिकूच्या वाडीत मजुरी करणारी बाई ठाण्यात आली. हायवेलगत मोटारसायकलवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढून नेले, म्हणाली. मी गुन्हा नोंदवला, नाकाबंदी लावली, आसपासच्या सराफांना पोतीचे वर्णन कळवले. जबाब घेताना मात्र तिची मान पाहिली. पोत ओढली की ओरखडा उठतोच. इथे एकही नव्हता.

तिसऱ्या दिवशी गुजरातच्या हद्दीतल्या एका सराफाचा फोन आला. "बेन, तुम्ही सांगितलेली पोत माझ्याकडे आहे. बाई स्वतः विकून गेली. वाट्या तेवढ्या नाय दिल्या."

चोर वाट्या मागे ठेवत नाही. मी तिला बोलावून घेतले.

"ताई, वाट्या कुठे आहेत?"

तिने पदर घट्ट धरला. मी चहा मागवला. आमची महिला शिपाई म्हणाली, "बोल गं बाई. मॅडम आम्हाला पण चहा पाजत नाहीत."

तिने पदराची गाठ सोडली. दोन वाट्या, काळ्या दोऱ्यात ओवलेल्या.

"ह्या कशा विकू, मॅडम? माणूस जिता आहे माझा."

नवऱ्याला तोंडाचा कॅन्सर होता. ऑपरेशन सरकारी योजनेतून झाले होते. "पण मुंबईला जायचं, राहायचं, बाहेरची औषधं आणायची, ते कुठल्या योजनेत बसतं? त्यात दोघांची मजुरी बुडते. तो म्हणाला, मंगळसूत्र विकलंस तर दवाखाना बंद. म्हणून चोर सांगितला."

खोटी तक्रार हाही गुन्हाच. मी तिचा खरा जबाब लिहिला, वरिष्ठांपुढे सगळे मांडले. त्यांनी समज देऊन सोडले आणि तसा अहवाल कोर्टात गेला. मी एवढेच केले, की तिच्या घरी शिपाई पाठवला नाही.

आठवड्याने नवराच ठाण्यात आला. अर्धा जबडा काढलेला, शब्द जड.

"चोर सापडला का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. नोकरीत इतके सरळ खोटे क्वचितच बोलले असेन.

"त्याच रात्री बायको चोरून दोऱ्यात वाट्या ओवत होती. पाहिलंय मी." जरा दम घेऊन तो म्हणाला, "चोर भेटला तर सांगा त्याला, सोमवारी मी तपासणीला जातोय."

त्यानंतर दागिना गेल्याची तक्रार आली, की पंचनाम्याआधी मी एक प्रश्न विचारत असे: घरात कोणी आजारी आहे का?