पऱ्हाटीतली ज्वारीची तासं

बियाण्याचा प्लॉट म्हणजे ज्वारीचं लग्न, असं माझी माय सांगायची. मादीच्या काही ओळी, मग नराच्या, पुन्हा मादीच्या. नराचा फुलोरा वाऱ्याने मादीवर पडायचा आणि मादीच्या कणसात भरलेला दाणा म्हणजे हायब्रीडचं बियाणं. त्या लग्नात तिसऱ्या कुणाला शिरू द्यायचं नाही, एवढीच अट. जवळपास दुसरी ज्वारी फुलली की तिचा फुलोरा उडून यायचा आणि सगळं बियाणं नासायचं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आमची उंच गावरान ज्वारी त्यात उभ्या उभ्या वाळली होती. हायब्रीड ठेंगणी आणि लवकर निघणारी, पाऊस आखडला तरी पदरात काही टाकणारी. म्हणून बियाण्याचे साहेब गावोगाव प्लॉट देत फिरत होते, आणि आमच्या गावात, इंझोरीत, बाबांनी तो मागून घेतला. आम्ही बौद्ध. आजोबांपर्यंत सगळे दुसऱ्याच्या शेतात राबलेले, आणि स्वतःच्या शेतातलं बाबांचं हे पहिलंच पीक. प्लॉट नापास झाला तर पुन्हा कुणी आमच्या हाती बियाणं देणार नव्हतं. ‘याहिले शेती कायले पाह्यजे?’ म्हणणारे गावात होतेच. मी मॅट्रिकला गचके खाऊन घरी बसले होते. घरात आणखी एक नापास परवडणार नाही, असं बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे.

धुऱ्यापलीकडचं, बांधाला लागूनचं शेत काकांचं. नात्यातले नव्हेत, वरच्या जातीचे; सगळं गाव त्यांना काका म्हणायचं. मोठे शेतकरी, जुनं घराणं. पेरणीआधी बाबा त्यांच्याकडे विनंती करायला गेले, तेव्हा त्यांनी नुसती कपाशी लावण्याचा शब्द दिला होता, “जाय, यंदा निरी पऱ्हाटी पेरतो. ज्वारी नाई पेरत.”

मग पावसाने दडी मारली. नराला पाणी कमी पडलं तर त्याचा फुलोरा मादीची वेळ गाठत नाही, म्हणून आम्ही नाल्यातल्या डबक्यातून घागरी वाहून नराच्या ओळी जगवल्या. माझ्या डोक्यावरचे केस झिजले असतील, पण ओळी तगल्या.

कणसं अजून पोटरीत, पानांच्या आवरणात असताना साहेब तपासणीला आले. आमचं शेत बघून खूश झाले, आणि सहज धुऱ्यापलीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. काकांच्या पऱ्हाटीत मधून मधून ज्वारीची तासं, म्हणजे एकेक ओळ, उभी होती, ऐन पोटरीत.

काकांना बोलावणं गेलं. काकू जेवण घेऊन शेतात आल्याच होत्या, त्याही मागोमाग आल्या.

“ज्वारी? कुठं हाय ज्वारी?” काकांना खरंच कळेना. “हे त तासं हायेत. भाकरीपुरती.”

तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आता हसू येतं. आमच्याकडे पऱ्हाटी पेरली की तिच्यात तुरीची नि ज्वारीची चार तासं पडतातच. त्याला कुणी ज्वारी पेरली असं म्हणत नाही. काकांनी शब्दही पाळला होता आणि ज्वारीही पेरली होती.

“हे फुलायच्या आत निघालं नाही तर प्लॉट रद्द,” एवढं बोलून साहेब मोटरसायकलवर बसून गेले.

बाबा पायाने ढेकूळ फोडत राहिले. कोरड्या वर्षात एखाद्याला घरची भाकर मोडून टाक असं कसं सांगायचं? काका नुसते वर बघत राहिले.

“आभायाकडं काय पाहून राह्यले?” काकू कडाडल्या. “जबान तुमी देल्ली का मी?” त्यांनी ओचा खोवला, पऱ्हाटीत शिरल्या आणि पहिलं कणीस स्वतः मोडलं. मग आम्ही सगळेच शिरलो. पोटरीतलं कणीस आत ओलं आणि मऊ असतं. ते मोडताना मला रडू आलं, आणि त्या बाईबद्दल तेव्हा जे वाटलं ते आजही तसंच आहे. तिने आमची लाज राखली.

प्लॉट पास झाला. बियाणं ट्रकने वाशीमला गेलं. नराच्या ओळींचा दाणा बियाण्यात चालत नाही, तो घरी खायला राहतो. त्यातलं एक पोतं बाबांनी काकांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. ते खातील असं मला वाटलं नव्हतं. काकू आम्हाला पाणी द्यायच्या ते वरून ओंजळीत.

पुढच्याच आठवड्यात काकू आमच्या दारात, हातात पिठाची परात.

“काहून वं, तुमच्या ज्वारीची भाकर थापता थापताच मोडून राह्यली. तू कशी करतं?”

दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीने, जिची भाकर थापताच तुटायची, मायला सगळं शिकवलं होतं. “पानी उकयतं घ्या, बाई,” ती म्हणाली. काकू चुलीपाशी बसल्या, स्वतः थापू लागल्या, आणि भाकर अख्खी तव्यावर गेली. टम्म फुगली. मायने ती फडक्यात बांधायला घेतली.

“बांधतं कायले? तिखट-मीठ आण.”

काकूंनी तिथेच भाकर मोडली. ठसका लागला तसा त्यांनी हात पुढे केला. मायने पाण्याचा तांब्या उचलला, पण सवयीने घुटमळली. काकूंनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि तोंडाला लावला.

“पुढल्या सालीबी घ्या पलाट,” तोंड पुसत त्या म्हणाल्या. “तासं पेरू देत नाई मी त्याहिले.”