जांभळा ठिपका

दुरुस्तीचं काम झालं की शेवटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायची माझी जुनी सवय आहे. मशीन नंतर दुसऱ्या कुणी उघडलं तर ठिपका तडकतो आणि मला कळतं. बाटली माझ्या मुलीची होती. ती लग्न होऊन गेली तेव्हा बाटली मागं राहिली. गडद जांभळा रंग, आता दुकानात मिळत नाही. राजारामपुरीतल्या आमच्या दुकानात माझं आणि माझ्या मित्राचं टेबल एकमेकांना चिकटून होतं आणि मधल्या ड्रॉवरमध्ये ती बाटली असायची. आम्ही दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली सोल्डरिंग शिकलो, एकाच ताटात जेवलो. ड्रॉवरला कुलूप लावायचं कधी मनातसुद्धा आलं नाही.

त्या दिवशी सकाळी गडमुडशिंगीहून मास्तर आले. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, विलायती, बॅगेएवढा, जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जमान्यातला. असल्या अँपचा आवाज जोरात वाजवला तरी कानाला टोचत नाही, दुधावरच्या सायीसारखा मऊ राहतो. दिवाळीआधी त्याची आवाजाची बटणं खरखरत होती, ती मी साफ करून दिली होती. रिक्षातून अँप उतरवून घेतला तसे मास्तर बाकावर बसले आणि म्हणाले,

"ह्यो आवाज माझा न्हाय."

मी आधी हसण्यावारी नेलं. मग अँप सिरीजच्या बल्बवर लावला. आत शॉर्ट असला की हा बल्ब भक्कन पेटून तसाच राहतो. इथं तो क्षणभर पेटला आणि मंद झाला, म्हणजे सगळं ठीक. मीटर लावून व्होल्टेज तपासले, तेही जागच्या जागी. मास्तरांनी गिटार जोडून दोन सुरावटी वाजवल्या. आवाज स्वच्छ होता, अगदी धुतल्यासारखा. मी म्हणालो, मास्तर, काही झालेलं नाही, वयानं कानही थोडे बदलतात. मास्तरांनी तीच सुरावट जोर लावून पुन्हा वाजवली, आणि मग मलाही ते ऐकू आलं. आवाज टोचत होता.

अँप वळवून मागं बघितलं तर जांभळा ठिपका शाबूत. मला हायसं वाटलं, कारण बाहेरच्या कुणी हात लावलेला नव्हता. स्क्रू काढले, पत्रा सरकवला. जुन्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या जागी नवे, आवाज टोचरा करणारे सिलिकॉनचे बसले होते. त्यांना मानवतील असे बाजूचे रेझिस्टरही बदललेले. काम इतकं सुबक की मीटर फसला, त्यात मीटरचा दोष नाही.

ट्रान्झिस्टर बसवताना त्याच्याखाली अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट घालावी लागते, म्हणजे उष्णता बाहेर निघते. मी पेस्ट सढळ हातानं फासतो, ती कडेनं बाहेर येते. उस्ताद त्यावरून मला शिव्या द्यायचे. माझा मित्र बाहेर आलेली पेस्ट कापसानं पुसून कडा आरशासारखी करतो. ह्या कडा आरशासारख्या होत्या.

ठिपका दुसऱ्या रंगाचा असता तर किती बरं झालं असतं. गावातल्या कुठल्याही दुकानदाराच्या नावानं खडे फोडून मोकळा झालो असतो. पण रंग माझ्याच बाटलीतला होता. बटणं साफ करून, ठिपका देऊन मी आजऱ्याला बहिणीकडच्या बारशाला गेलो होतो. अँप मास्तरांना पोचवायचं काम मित्रावर सोपवलं होतं. बाटली कुठं असते आणि ठिपका कशासाठी देतात, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

तो एका हॉलचे स्पीकर बघायला गेला होता. दुपारी आला. उघडा अँप बघून त्याचा चेहराही बदलला नाही. मी विचारलं, जुने कुठं आहेत? शांतपणे म्हणाला, पुण्याला. तिथल्या एका वादकाचा असलाच अँप बंद पडला होता, हे ट्रान्झिस्टर कुठं मिळत नव्हते. ह्यानं ते बसवून अँप जिवंत केला, त्याचा व्हिडिओ टाकला, आणि आता लांबलांबचे लोक ह्याचं नाव घेतात. मला आठवलं, तो व्हिडिओ मला त्यानंच दाखवला होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

"मला का न्हाय विचारलंस?" मी म्हणालो.

"तू दिलं असतंस व्हय?" तो म्हणाला. "ते म्हातारं झालतं, आज न्हाय उद्या जाणार. मी नवं टाकलंय. वाजतंय की."

माझं डोकं फिरलं. केसानं गळा कापला होता आणि वर कापसानं पुसूनही घेतला होता. मी म्हणालो, मला सांगू नकोस, मास्तरांना सांग. मास्तर समोरच बसले होते, त्यांनी सगळं ऐकलंच होतं. तरी तो त्यांच्याकडं वळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला,

"मास्तर, जुनं खराब झालतं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं, बदलूया."

मी ओरडलो की हे खोटं आहे, मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. मास्तरांनी आमची दोन टेबलं बघितली, मधला ड्रॉवर बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"एका टेबलावर बसताय, माझ्यापुढं भांडून दावताय," ते म्हणाले, "आणि तुला ठाव न्हाय?"

मी खरं तेच सांगत होतो आणि ते माझं मलाच पटण्यासारखं वाटत नव्हतं. मी पत्रा बसवला. ठिपका दिला नाही. अँप उचलायला वाकलो तर मास्तर म्हणाले, राहू दे. मित्रानं पुढं होऊन तो उचलला, नेहमीसारखा रिक्षात ठेवला, आणि मास्तरांनी ठेवू दिला.

त्याच संध्याकाळी मी मित्राला टेबल उचलायला सांगितलं. त्यानं वाद घातला नाही, ह्याचाच मला जास्त राग आला. आता त्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून आहे आणि गर्दी त्याच्याकडंच जास्त असते. मी गिऱ्हाइकाला समोर बसवून मशीन उघडतो आणि त्याच्यासमोरच बंद करतो. बाटली फेकून दिली.

गडमुडशिंगीकडचं कुणी आलं की मास्तरांच्या अँपची चौकशी करतो. झकास वाजतोय म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. त्या आवाजातून काय गेलं हे ऐकू येणारी माणसं तीनच. त्यातली दोघं आता माझ्याशी बोलत नाहीत.