अल्तारोसाचा विलाप

लग्न होऊन कातानियात आली त्या हिवाळ्यापासून वेनेरामावशी रोज संध्याकाळी रडत आली. नवरा सारो मास्तर आमच्या बाहुल्यांच्या थिएटरचा मालक. शूरवीरांचे आवाज त्याचे, राजकन्यांचे हिचे. ती पडद्याआड उभी राहून बोलायची आणि मी वर फळीवरून लोखंडी कांबीने बाहुली हलवायचो. आवाज जाईल तिकडे बाहुली जाते, हा आमच्या धंद्यातला एकच कायदा.

प्रेक्षक सगळे बाप्ये. गाडीवान, कोळी, गोदीतले हमाल. घरी बायकोशी धड बोलायचे नाहीत, पण राजकन्या अल्तारोसा 'हाय रे दैवा, हाय रे प्रीती' म्हणत कपाळ बडवू लागली की सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसायचे. मला चीड यायची. त्याच बाईने सकाळी बाहुल्यांचे झगे शिवले आणि दुपारी आम्हा सगळ्यांसाठी बाकल्याची आमटी रांधली, हे कुणाच्या गावीही नसायचं.

त्या मार्चमध्ये तिचा घसा बसला.

"आठवडाभर मला गप्प राहू दे," ती मास्तरला म्हणाली. "आचिरेआले गावी बहिणीकडे जाऊन येते."

"मग विलाप कोण करणार, तुझी बहीण? उद्याच्या खेळात अल्तारोसाचा रुमाल्दो युद्धावरून परततोय. त्याआधी तिला रडायलाच हवं. लोक येतात कशाला?"

"मी दमलेय, सारो."

"अल्तारोसाही दमलीय. ती करते का कुरकुर?"

"ती लाकडाची आहे," मावशी म्हणाली आणि मध चाटून पडद्याआड उभी राहिली.

विलाप सुरू झाला. दैवाला बोल लावून झाला, प्रीतीला लावून झाला. मध्येच मावशी थांबली. मग फाटक्या आवाजात, घरात बोलावं तशी म्हणाली, "पुरे झालं. मला कंटाळा आलाय. मी जाते."

मास्तर दातओठ खात मला खुणावत होता, हलू नकोस. मी कायदा पाळला. अल्तारोसाला वळवलं आणि मंचावरून बाहेर नेलं.

आमच्या थिएटरला दार एकच, तेही लोकांमधून जाणारं. मावशी शाल घेऊन खाली उतरली. ज्या आवाजावर हे लोक इतकी वर्षं रडले, त्याचा चेहरा त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. चीचो मासेवाल्याने टोपी काढली आणि पाय आवरून तिला वाट दिली.

खेळ तर रेटायलाच हवा. मास्तरने रुमाल्दोला त्याच संध्याकाळी परत आणलं. चिलखत खणखणवत तो मंचावर आला.

"अल्तारोसा कुठे गेली?" मास्तर गरजला.

एरवी शत्रू खांबाआड लपला तरी अख्खं थिएटर ओरडून रुमाल्दोला सांगतं. मास्तरने पुन्हा विचारलं. या वेळी हळू विचारलं, आणि तो आवाज शूरवीराचा नव्हता.

तिला दाराबाहेर पडून स्टेशनकडे वळताना सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी काही बोललं नाही.