मी फिरवलेली तुरटी

मुंबईत मी ज्या घरी कामाला होते, तिथं मालवणकडच्या मावशी स्वयंपाक करायच्या. तीन मासे वाचले आणि माझं काम टिकलं, ते त्यांच्यामुळं. हे आधी सांगते, मग माझी चूक.

दुष्काळात सातवीतून शाळा सुटली, लग्न झालं आणि मी माकणी गावाहून मुंबईला आले. साहेबांच्या घरी धुणंभांडी करायचे. तिथं काचेच्या पेटीत समुद्राचं पाणी आणि पाच रंगीत मासे होते. साहेब दोन दिवस बाहेरगावी गेले, तेव्हा मासे उपाशी राहतील म्हणून मी मूठभर खाणं टाकलं. दुसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरट झालं. पाणी ओतून द्यायचं तर माझा हात होईना. आमच्याकडं नदीच्या वाळूत खड्डा खणून काढलेलं गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळून घ्यायचे. तशीच मी पेटीतही फिरवली. घटकाभरात दोन मासे उलटे तरंगू लागले.

मावशी धावत आल्या. “अगो बाय, ह्यां काय पिवचां पाणी?” म्हणत त्यांनी उरलेले तीन मासे साहेबांनी ड्रममध्ये साठवलेल्या समुद्राच्या पाण्यात सोडले.

“मावशी, आता माझं काम गेलं हो.”

“गप रव गो. रडान मासे जिते होवचे नाय.”

साहेब आल्यावर मावशींनी तुरटी आपणच फिरवली असं सांगितलं. साहेब त्यांना नको नको ते बोलले. मी दाराशी मान खाली घालून उभी होते.

मावशी आता गावी असतात. एक दिवस त्यांना घेऊन साहेबांच्या दारात जाईन आणि तो हात माझा होता म्हणून सांगेन. एवढं तरी मी फेडीनच.