दातांनी इंजिन ऐकणारे मास्तर

"पैले तेल, फिर बात," असं म्हणून मास्तर खिशातून तेलाची कुप्पी काढायचे आणि तिचं बूड दाबायचे. टिक-टिक. गेटची बिजागरी, शाळेची घंटा, बारशातल्या पाळण्याची कडी, त्यांच्या तावडीतून काही सुटलं नाही. माझे सासरे एकदा दुकानात बसून कवळी करकरवत होते, तेव्हा मास्तरांचा हात खिशाकडे गेलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. सासरे पुन्हा दुकानात आले नाहीत. मास्तरांचे माझ्यावर उपकार फार, त्यातला हा पहिला.

माझं दुकान बेअरिंग आणि नट-बोल्टचं. समोरच लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड, आणि तिथे मास्तर जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. उभा जन्म त्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे कान कामातून गेले होते. तुम्ही भिवंडीचे असाल तर तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे लूमवाला ओठ वाचतो आणि बोटांनी बोलतो. पण मशीनचं काय? मास्तर स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरायचे, टोक मशीनला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. बेअरिंग फुटायच्या आदल्या हप्त्यात त्यांची दाढ ठणकते, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो. बेअरिंगचा खप त्यानं वाढला.

जवळच्या पूर्णा गावच्या एक काकी एकदा तणतणत दुकानात आल्या. "मास्तरला सांग, माज्या धन्याचा टिलर चालू करून दे. तुलशीच्या लग्नाच्या आत."

टिलर म्हणजे दोन चाकांचं, लांब दांड्यांचं छोटं यंत्र. माणूस मागून चालतो आणि पुढचे फाळ फिरत फिरत माती उकरतात. काकींचा वालाच्या शेताचा तुकडा दोन गोडाऊनच्या मधोमध अडकलेला. ट्रॅक्टर वळायला जागा नाही, बैल आता गावात राहिलेत कुठे? धनी गेल्यापासून जमीन पडीक. पुतण्याला तिथे ट्रक उभे करायचे होते. तो चारचौघांत म्हणाला, "काकी, तुलशीच्या लग्नापर्यंत पेरलंस तर तुजी जमीन. न्हायतर मी भराव टाकतो." काकी तावातावात "टाक!" म्हणून बसल्या होत्या. चारचौघांत दिलेला शब्द मागे घेतील तर त्या काकी कसल्या!

टेम्पोतून टिलर आला तेव्हा मी हात जोडले. ते यंत्र नव्हतं, कोंबड्यांची चाळ होती. सायलेन्सरमध्ये अंडं निघालं. गंज इतका की टिलर उचलला तर त्याची सावलीसुद्धा तपकिरी पडायची. मास्तरांनी दात टेकवले, बराच वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "नींद में है. मेला न्हाय."

मग शेडच्या मागच्या अंगणात कामाला सुरुवात झाली. पिस्टन अडकला होता. त्यात रॉकेल भरून वाट पाहिली, लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकलं. वॉशर मिळेनात, तर लूमच्या पट्ट्याच्या चामड्यातून कापले. आणि शेडचा एक रिवाज आहे. ड्युटीवर येणाऱ्यानं आधी मशीनला तेल द्यायचं, मग आपण चहा प्यायचा. टिलर अंगणात आला तसा तो शेडचाच झाला. येणारा-जाणारा प्रत्येक कामगार त्याला कुठे ना कुठे तेल पाजायचा. मास्तर खूश. "देखा? सबका लाडका है."

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी टिलर काकींच्या तुकड्यावर उभा राहिला. बांधावर पुतण्या, त्याच्यामागे मुरुमानं भरलेला डंपर, इंजिन चालू ठेवून. आम्हाला वाकुल्या दाखवायलाच जणू.

मास्तरांनी हँडल मारलं. धूर. पुन्हा मारलं. पुन्हा धूर. तिसऱ्यांदा टिलर खोकला, थरथरला आणि चालू झाला! काकींनी टाळी वाजवली. मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरायला घेतला, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज चढायला लागला.

चढला तो चढतच गेला. आधी गुरगुर, मग किंकाळी. मी या भागात सगळे आवाज ऐकलेत, पण असा नाही. पांढऱ्या धुरानं गोडाऊन झाकलं. टिलर जागच्या जागी उड्या मारायला लागला. डंपरचा ड्रायव्हर दार उघडं टाकून पळाला. मास्तरांनी डिझेलचा कॉक बंद केला. तरी इंजिन पळतच होतं! आणि मास्तर वाकून कॉककडेच बघत होते, कारण ती किंकाळी त्यांना ऐकूच येत नव्हती.

मी समोर धावलो आणि शेडच्या भाषेत दोन्ही हात फिरवले: वेग वाढतोय, वाढतोय, पळा!

मास्तर पळाले नाहीत. त्यांनी हवेची गाळणी उपटली आणि उघड्या नळीवर उजवा तळवा दाबला. इंजिनानं तळवा आत ओढला. मास्तरांचा चेहरा वेडावाकडा झाला. इंजिन घुसमटलं, झटके दिले आणि थांबलं.

मास्तरांच्या तळव्यावर काळंनिळं वर्तुळ उमटलं होतं.

गाळणीच्या तळाला एक वाटी असते, तिच्यात थोडंसं तेल लागतं. ती काठोकाठ भरली होती. इंजिन डिझेल सोडून तेच तेल पीत सुटलं होतं. मास्तर वाटीकडे बघत राहिले. "सबने पिलाया," ते हळूच म्हणाले. "मैंने भी."

"झालं ना?" पुतण्यानं डंपरकडे हात केला. "मास्तर, आता भंगारवाल्याला बोलवा."

"हात खाली कर," काकी म्हणाल्या. "लग्न लागलं न्हाय अजून."

मास्तरांनी वाटी ओतून पुसली. पण हँडल हातात घेईनात. त्यांना घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. "काकी, डर लगता है. आतून तुटलं असेल तर फुटेल."

काकींनी पोतं पाण्यात बुडवलं आणि त्या नळीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. "पळाला तर मी दाबते. तू मार."

"तुम्ही बाजूला व्हा."

"तू मार रं!"

मास्तरांनी डाव्या हातानं हँडल मारलं. इंजिन चालू झालं. आम्ही सगळे श्वास रोखून आवाज चढायची वाट बघत होतो, पुतण्यासुद्धा. मास्तरांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, डोळे मिटले. ते उघडले तेव्हा भरलेले होते. त्यांनी होकाराची मान हलवली.

मग त्यांनी दांडे धरले. जन्मात माती न नांगरलेला माणूस, त्यात एक हात निकामी. टिलरनं त्यांना फरफटत थेट डंपरच्या दिशेला नेलं. ते कसेबसे वळले, धोतर सावरत शेवटाला पोचले. पुढची जमीन काकींनी नांगरली, एकदम सरळ, आणि मावळतीच्या आत वाल टोकले. डंपर भरलेलाच परत गेला.

मास्तर मागच्या उन्हाळ्यात गेले. शेडमध्ये त्या दिवशी लूम बंद ठेवले होते आणि माणसं एकमेकांशी बोटांनीच बोलत होती.

परवा मी पूर्ण्याला गेलो होतो. वाल फुललाय. सगळे वाफे दोरी धरल्यासारखे सरळ, पण पहिली ओळ मध्येच बांधाकडे धावते आणि घाबरल्यासारखी मागे वळते. पुतण्या आता काकींना टिलर धरू लागतो. तो म्हणाला, "किती वेळा सांगितलं, ही एक सरळ करून देतो. ऐकतच न्हाय, दर साली याच वाकड्या रेघेवर वाल टोकते."

काकींनी शेंगा खुडता खुडता वरही पाहिलं नाही.

"तिला हात लावू नको. ती मास्तरची हाय."