श्राद्धाची केळ

फाल्गुन नुकता लागला होता, पण तंजावरात ऊन मात्र वैशाखाचं पडलं होतं. कडुलिंबाला वेळेआधीच मोहर येऊन तो गळूनही गेला. कमलाक्षीबाईंच्या कोल्लैत, म्हणजे घरामागच्या परसात, मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आतच वाळत होत्या. कढीलिंब तेवढा हट्टानं हिरवा होता. बोअरचा पंप चालू केला की आधी नुसती हवा फुसफुसायची, मग बादलीभर गढूळ पाणी यायचं, आणि पुन्हा हवा. नगरपालिकेचा नळ एक दिवसाआड, तोही अर्धा तास.

कमलाक्षीबाईंना मोगऱ्याचं दुःख होतंच, पण सगळा जीव अडकला होता कोपऱ्यातल्या केळीत. मार्गशीर्षात तिला घड आला होता. फाल्गुन बहुळ पंचमीला नवऱ्याचं, वेंकटरमणरावांचं, पहिलं वर्षश्राद्ध. या घराची रीत अशी की श्राद्धाच्या भाजीचं कच्चं केळं परसातलंच हवं, बाजारातलं चालत नाही. सासूबाई, हिराबाई, तर त्याच्याही पुढे होत्या. त्या केळीला पाणीसुद्धा सोवळ्यातलं, आंघोळ करून कळशीनं घातलेलं. न्हाणीघराचं, भांड्यांचं, धुण्याचं पाणी अळवाला जाऊ दे, कर्दळीला जाऊ दे, श्राद्धाच्या केळीला एक थेंब नको. "माझ्या पितरांला खरकटं घालतेस कां?" एवढं म्हणून त्या नुसत्या पाहायच्या, आणि समोरचा माणूस अर्धा व्हायचा. हिराबाई जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी त्यांचा नियम जागच्या जागी होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय उगाच?

कमलाक्षीबाई तिरुवैयारूच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा याच परसात विहीर होती. पौषात तर काठावर ओणवं होऊन कळशी बुडवता यायची. लुगड्याचा ओचा खोचून त्या भराभर पाणी काढायच्या, आणि टपाल कचेरीतून आलेले वेंकटरमणराव मागच्या पायरीवर कॉफीचा पेला घेऊन बसायचे. बोलायचे फार कमी. दिवसभर लोकांची पत्रं हाताळून या माणसाचे स्वतःचे शब्द संपले असावेत, असं त्या शाळेतल्या मैत्रिणींना सांगायच्या. त्यांनी स्वतः तीस वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं, तेव्हा घरातलं बोलणं त्यांच्याच वाट्याला आलं होतं. आता ती पायरी रिकामी होती. संध्याकाळी तिथं कोणी नाही हे वर्षभर पाहूनही त्यांना सवय झाली नव्हती.

मुलगा गिरीश पोटात होता, त्या वर्षीही असाच उन्हाळा लवकर आला होता. विहीर तळाला गेली. आठव्या महिन्यातल्या कमलाक्षीबाई केळीसाठी सहा-सहा कळशा ओढत होत्या, कारण सासऱ्यांचं श्राद्ध तोंडावर आलं होतं. तेव्हा वेंकटरमणराव एकदाच बोलले. "केळीला जास्त पाणी सोसत नाही. दोन कळशा पुरे." आणि खरंच, दोन कळशांवर केळ तगली, घड भरला. तेव्हापासून दोन कळशा हा कमलाक्षीबाईंचा वेद झाला.

यंदाही आंघोळ करून, दुखरा गुडघा सांभाळत, त्या रोज दोन कळशा घालत होत्या. तरी पानं फाटून लोंबू लागली, केळी बोटाएवढीच राहिली. शेजारची राजलक्ष्मी कुंपणावरून म्हणाली, "धुण्याच्या मशीनचं पाणी सोडा की!" कमलाक्षीबाईंनी तिच्याकडे हिराबाईंसारखं पाहिलं. रात्री मात्र देवाला विनवलं, की एवढा घड भरू दे. जन्मभर त्या माणसानं काही मागितलं नाही, निदान पहिल्या वर्षाला त्याच्या हातचं त्याला मिळू दे. केळ वेंकटरमणरावांनीच लावली होती.

आठ-दहा दिवसांत चमत्कार झाला. लोंबलेली पानं तरारली, केळी फुगू लागली. कमलाक्षीबाई राजलक्ष्मीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोन कळशा पुरतेत, ते म्हणटलेच होते!"

श्राद्धाच्या आदल्या दिवशी त्या घड पाहायला गेल्या, आणि पाय चिखलात रुतला. एवढ्या उन्हात चिखल? वाळलेली पानं बाजूला केली तर खाली जुना रबरी पाइप. एक टोक केळीच्या बुंध्याशी, दुसरं न्हाणीघराच्या मोरीला.

सून श्रीविद्या बँकेत निघाली होती. तिनं लपवलं नाही. "मीच लावलों, अम्मा. तुमचा गुडघा पाहवत नव्हता. आणि दोन कळशांत केळ कशी जगणार?"

कमलाक्षीबाई तडक आत गेल्या. गिरीशला फोन करून बाजारातून केळी आणायला सांगितलं आणि देवघराच्या दाराशी जाऊन बसल्या. दुपारी जेवल्याही नाहीत. श्रीविद्यानं रजा टाकली आणि स्वयंपाकघरात डोळे पुसत राहिली.

तीनच्या बसनं पापनाशमहून धाकटी नणंद सरोजा आली. झाला प्रकार ऐकला, आणि ती जी हसायला लागली ती भिंतीला टेकेपर्यंत.

"हसता काय वन्सं?"

"वैनी, गिरीश पोटांत होता तेव्हां दादा हेच केला! न्हाणीची मोरी फोडून केळीकडं वळवला, वर माती टाकला. मी पाहिलों, तर देवाची शपथ घातला. अम्माला कळलं तर घर डोक्यावर घेईल, आणि तुम्हांला कळलं तर तुम्ही ऐकणार नाहीं, पुन्हां सहा कळशा ओढाल, म्हणटला. ती मोरी किती तरी वर्षं तशीच होती."

कमलाक्षीबाई ऐकत राहिल्या. त्या कावेरीकाठच्या, केळीच्या बागांत वाढलेल्या. केळ किती पाणी पिते ते त्यांना ठाऊक नव्हतं? आणि तरी चाळीस वर्षं त्या दोन कळशांवर विश्वास ठेवून बसल्या! त्यांना नवऱ्याचा राग आला, अगदी जिवंत माणसाचा यावा तसा. मला एका शब्दानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? वर्षभर कोंडलेलं रडू तेव्हा कुठं बाहेर आलं. सरोजा पाठीवरून हात फिरवत बसली.

मग त्या उठल्या आणि विळा घेऊन श्रीविद्यासमोर आल्या. "चल. घड उतरायचा अहे. मला एकटीला झेपणार नाहीं."

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा पाटावर बसले. पानावरच्या भाजीकडे बघून त्यांनी विचारलं, "केळं घरचंच ना? सोवळ्याच्या पाण्याचं?"

गिरीशनं आईकडे पाहिलं. श्रीविद्याच्या हातातली पळी थांबली. कमलाक्षीबाईंनी पदर सावरला.

"ह्या घरांत जसं चालत आलं, तसंच अहे," त्या म्हणाल्या, आणि भाजी आणखी वाढायला वाकल्या.