नेदकामावशीची दलदल

नेदकामावशी आमच्या पर्यावरण कचेरीत पाणथळ जागांचं प्रकरण लिहायची. सरकारच्या वार्षिक अहवालातलं. मी साहित्य शिकून आलेला, म्हणून वाक्यं सुधारायचं काम माझ्याकडे.

तिच्या प्रकरणात दरवर्षी एक ओळ असायची. ब्रेस्तची दलदल : तात्पुरती कोरडी.

"मावशी, माझ्या जन्माआधीपासून कोरडी आहे ती. तात्पुरती कसली?"

"तू तरी कायमचा आहेस का, कविराज?"

ब्रेस्त तिचं गाव, डॅन्यूब नदीच्या काठचं. वडील त्या दलदलीत जाळं टाकायचे. बेडूक एवढे ओरडायचे, की जेवताना मीठ मागायलाही ओरडावं लागे, असं ती सांगायची. आणि सांगताना अजूनही आवाज चढवायची. मग बंधारा झाला, डॅन्यूबचं पाणी पलीकडेच राहिलं. पाणी आत सोडायचं बंधाऱ्याचं दार गंजलं. पण अहवालात नाव असेपर्यंत ती जमीन मक्याला देता येत नव्हती. एवढ्यासाठी ती ओळ.

यंदा नवे संचालक आले. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "बाई, जे नाही त्याचा अहवाल कसला?"

दोन दिवसांनी कचेरीच्या दारावर शोकपत्रक चिकटवलेलं दिसलं. ब्रेस्तमध्ये चौकातल्या पॉप्लरच्या झाडांवरही, इतर मेलेल्यांच्या पत्रकांशेजारी. फोटोत पाणी, लव्हाळे, पाणकोळी. खाली : शोकाकुल, नेदका.

संचालकांना टोचावं, एवढाच तिचा हेतू. पण छापखान्याच्या ल्युबेननं सवयीनं शेवटची ओळ जोडली. तो प्रत्येक पत्रकाला जोडतो तीच : चाळिसाव्या दिवसाचा विधी शनिवारी, बंधाऱ्यावर.

"गाढवा, हे काय छापलंस?"

"मग काय, माणसांना नुसतं रडायला बोलावू?"

शनिवारी ती लोकांना परत पाठवायला गेली. मी सोबत होतो. बंधाऱ्यावर अख्खं ब्रेस्त उभं होतं. बायकांनी मेलेल्याच्या नावानं खायचा, साखर घालून उकडलेला गहू आणला होता. म्हाताऱ्या पराश्केवनं भेगाळलेल्या मातीवर घरची दारू, राकिया, ओतली.

"काय मासा होता इथं!" तो म्हणाला.

"तुला कधी सापडला?" त्याची बायको म्हणाली. "माझा बाप आणून द्यायचा, म्हणून जेवलास."

सगळे हसले. मग चमचे हातात धरून मावशीकडे बघत राहिले. पहिला शब्द घरच्या माणसानं बोलायचा असतो.

मला वाटलं, आता म्हणेल, कुणी मेलेलं नाही, घरी जा.

"देव तिला क्षमा करो," ती म्हणाली, मेलेल्यासाठी म्हणतात तसं.

"देव क्षमा करो," सगळे म्हणाले, आणि गहू खाल्ला.

सोमवारी प्रकरण माझ्या टेबलावर आलं. ती ओळ नव्हती. संचालकांनी नव्हती काढली.

"मावशी, तू भांडणार होतीस ना?" मी म्हणालो. "मी लिहितो परत. कुणी बघणार नाही."

"एवढ्या लोकांनी तिच्या नावानं गहू खाल्ला," ती म्हणाली. "आता तिला जिवंत कोणत्या तोंडानं लिहू?"

वसंतात डॅन्यूब चढली. मावशी बघायला गेली नाही. मी गेलो. पाणी बंधाऱ्याला टेकून उभं होतं. अलीकडे ट्रॅक्टर जमीन नांगरत होता. मी तिथं अंधार पडेपर्यंत बसलो, कधीही न ऐकलेल्या बेडकांसाठी.